दोन रिंगा

इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. शिडाची नौका नुकतीच बंदराच्या तोंडातून बाहेर पडत होती. शिडे अजून गुंडाळलेलीच होती आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता. मुलाने धावत जाऊन नांगर सोडला. साखळी खडखडत सुटली, ताणली गेली, आणि नौका दगडी बांधापासून पंचवीस हातांवर थांबली.

मग त्याने वळून आईकडे पाहिले.

तिला सारे बंदर मिस्त्रीणबाई म्हणे. आरंभी थट्टेने म्हणत; पुढे थट्टा गळून पडली आणि नाव राहिले. सुकाणू नवऱ्याच्या हातून मुलाकडे आले, इंजिन मात्र तीस वर्षे बाईंच्याच हाताखाली होते. काल मुलाने चाचरत विषय काढला होता, की चार दिवसांची सफर आहे, या खेपेस तू घरीच राहा. "ज्या दिवशी माझ्या हातचं इंजिन वाटेत बंद पडेल, त्या दिवशी मी आपण होऊन उतरेन. तोवर हे बोलणं नको," असे म्हणून बाई डिझेलचा नवा फिल्टर घेऊन खाली उतरल्या होत्या. सुनेने विजेरी पुढे केली, चष्माही पुढे केला. दोन्ही त्यांनी परत पाठवले. "माझ्या बोटांना डोळे आहेत."

"आई, फिल्टर कालच बदललास ना?" मुलाने विचारले.

"बदलला. तू नांगराकडे बघ. माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही."

बाई उठू लागल्या. पण त्यांचे गुडघे सरळ होईतो सून पायऱ्या उतरून इंजिनाचे झाकण उचलून मोकळीही झाली होती.

"टाकीचा कॉक आधी बंद कर."

"केला, आई."

"खाली डबा धर. तळात डिझेल सांडलेलं मला खपत नाही."

"धरलाय."

फिल्टरचे आटे सुटल्याचा आवाज बाईंनी ओळखला. त्यानंतर मात्र खाली काहीच ऐकू येईना. त्या वाकल्या. सुनेच्या तळहातावर एक काळी रबरी रिंग होती, दबून चपटी झालेली. नवी रिंग नव्या फिल्टरच्या कडेला आपल्या जागी होतीच.

म्हणजे जुना फिल्टर निघताना त्याची रिंग वर, फिल्टर जिथे आवळतात त्या बैठकीलाच चिकटून राहिली होती. काळ्या लोखंडावर काळे रबर. तिच्यावरच नवा फिल्टर आवळला गेला आणि दोन रिंगांच्या फटीतून इंजिनाने डिझेलबरोबर हवा ओढली. नवा लावण्याआधी बैठकीवर बोट फिरवावे, हे बाईंनी आजवर किती जणांना बजावले होते. काल त्यांनी बोट फिरवलेही होते. बोटाला काही कळले नव्हते.

सुनेने वर पाहिले. मग तिने मूठ मिटली आणि ती खिशात घातली.

"काय निघालं गं?" मुलाने नांगराजवळून विचारले.

"कचरा! पंपवाल्याने गाळच गळ्यात मारलाय आपल्या."

त्या डिझेलचा थेंब न् थेंब बाईंनी स्वतः जाळीच्या नरसाळ्यातून गाळून टाकीत ओतला होता.

"माझ्या टाकीत कचरा? ती रिंग इकडे दे."

"राहू द्या ना, आई," सून हलक्या आवाजात म्हणाली. "बोटीवरून उतरावं लागेल तुम्हाला."

"दे म्हणते ना."

कठड्याला धरत धरत बाई नांगरापर्यंत गेल्या आणि रिंग मुलाच्या हातावर ठेवली. "दोन रिंगा. चूक माझी. नौका धक्क्याला लाव, मी उतरते."

मुलाने ती रिंग बोटांत फिरवून पाहिली. "लावतो. पण त्यालाही इंजिन लागेल, आई."

बाई परत पायऱ्यांशी आल्या. "नव्या रिंगेला डिझेलचं बोट लाव. हातानेच आवळ, पान्याला हात लावायचा नाही. आता कॉक उघड, वरचा स्क्रू सैल कर आणि आतली हवा निघेपर्यंत पंपाचा दांडा मार."

"आलं, आई!"

"काय आलं? डिझेल की फेस?"

"फेस."

"मग 'आलं' काय म्हणतेस? मार अजून."

फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुडे विरळ झाले, आणि शेवटी स्वच्छ धार लागली. सुनेने स्क्रू आवळला. मुलाने किल्ली फिरवली. इंजिन एकदा अडखळले आणि मग त्याने सूर धरला.

फिल्टर ज्याने बसवला त्याने त्यावर तारीख आणि नाव लिहायचे, हा नौकेवरचा बाईंचा दंडक. सुनेने पेन त्यांच्यापुढे धरले.

"मला काय देतेस? बसवलास तू."

सुनेने लिहिले. मग बाईंनी चष्मा मागितला, डोळ्यांवर चढवला, आणि त्या महत्प्रयासाने खाली उतरल्या. वरची ओळ त्यांची, कालची: अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढलेली, नाव कडेवरून घसरलेले. तिच्याखाली सुनेची ओळ सरळ होती.

"वरची पुसू का, आई?"

"मुळीच नाही. कालचा फिल्टर कुणी बसवला होता, ते दिसू दे."

नांगर उचलून मुलाने नौका धक्क्याला लावली आणि बाई कोणाचाही हात न धरता उतरल्या. नौका वळली, बांध ओलांडून बाहेर पडली. बाई डोळे मिटून आवाज ऐकत उभ्या राहिल्या. चष्मा तसाच डोळ्यांवर होता.

दोर सोडणारा म्हातारा जवळ आला. "हे काय? मिस्त्रीणबाईंना सोडूनच निघाली की बोट!"

"आवाज ऐक," बाई म्हणाल्या. "मिस्त्रीण बोटीवरच आहे."