शेजारणीचा वाडगा

प्लोय थाई कुंभाराची लेक. वर्ल्ड कपसाठी उघडलेल्या हॉटेलात काम करायची आणि अल हिलाल वस्तीत मुनीराच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. आपल्या बापाने घडवलेल्या हिरव्या वाडग्यातून तिने मुनीराला एकदा भात दिला होता. "भट्टीतून काढलेलं भांडं निवताना टिणटिणतं," ती सांगायची.

महिन्यापूर्वी ती वारली. फ्लॅटला कुलूप लागलं. वाडगा मुनीराकडेच राहिला.

आज ओट्यावर तो टिणटिणला.

"शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये," म्हणत मुनीराने त्यात शेवयांची खीर भरली आणि समोरच्या दाराशी ठेवली.

"अगं, खाणार कोण?" तिच्या नवऱ्याने, जियादने विचारलं.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, बाहेर टिणटिण झाली. समोरचं कुलूप तसंच होतं. वाडगा मुनीराच्या उंबऱ्यावर होता, भट्टीतून नुकता काढल्यासारखा गरम.

रिकामा मात्र नव्हता. आत भात वाफाळत होता.