जात्याची समोरची बाजू

सत्तावन्न साली देवगडच्या खाडीत होडी उलटली. मथुराच्या हातातून थोरल्या जावेचा, तिच्या वयनीचा, हात सुटला आणि वयनी बुडाली. त्या दिवसापासून मथुरा बोलेनाशी झाली.

शेवटी सासूने तिला जात्यावर बसवले. "बोलवत नाय तर ओवी बांध गो. पोटात ठेवू नको."

पूर्वी दोघी जावा समोरासमोर बसून दळायच्या. मथुराने ओवीची पहिली ओळ घालायची, वयनीने दुसरी जोडायची. आता दोन्ही ओळी मथुराच रचू लागली. रोज पहाटे एक ओवी. कधी वाऱ्याची, कधी होडीची. हळूहळू तिला घास गिळवू लागला, हाकेला ती ओ देऊ लागली.

एका पहाटे तिची ओवी त्या सुटलेल्या हाताशी येऊन पोचली.

"खाडीच्या पाण्यात गो, हात तुझो सुटलो..."

पुढची ओळ काही केल्या सुचेना. इतक्यात एकटीला जड जाणारे जाते हलके फिरू लागले. खुंट्यावरच्या तिच्या मुठीला ओला गारवा लागला. समोर कोणीच नव्हते. आवाज मात्र तिथूनच आला, ओळखीचा.

"तू वाचूक व्हयी म्हणान, मीच तो सोडलंय."

"उपकार झाले गो वयनी," म्हणत मथुराने भरल्या डोळ्यांनी दोन्ही हात जोडले.

जाते फिरतच राहिले.