मुद्दाम ठेवलेली खोट

“हा कोपरा मुद्दाम वाकडा ठेवलाय, बाई,” खोडकर म्हणाला. “सरळ असता तर तुमचं लक्षही गेलं नसतं.”

सुतारकाम करता करता पन्नाशी गाठलेल्या या माणसाला सगळे खोडकरच म्हणत. गुळगुळीत घरं दवाखान्यासारखी दिसायला लागली, लोकांना त्यांचा वीट आला आणि याचे दिवस पालटले. नव्याकोऱ्या टेबलाला तो चिरा पाडी, धडधाकट उंबरठा झिजवी, आणि वर लोक त्याचेच आभार मानत.

पाहुण्या बाई एका हॉटेलासाठी कारागीर शोधत होत्या. साठ खोल्या. हे काम मिळालं तर उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या हाताखाली राबायला नको, म्हणून खोडकर आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने नुकतंच सजवलेलं हे घर तो बाईंना दाखवत होता; घरमालक हसतमुखाने मागून चालत होते.

बाई फार बोलत नव्हत्या. प्रत्येक खोटेवरून बोट फिरवत आणि विचारत, “हे तुमचंच?”

“माझंच.”

शेवटी तिघं कोठीच्या खोलीत शिरले. बाईंनी दार आतून लोटलं आणि दिवा लावायला सांगितला.

खोडकराचा चेहरा उतरला. ते दार त्याचं नव्हतं. पहिल्याच दिवशी मालक म्हणाले होते, “हे आधीपासूनच असं आहे. हात लावू नका, छान दिसतंय.” आणि दिसत होतंच. दाराच्या आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीपासून खाली, चार-चार ओरखडे शेजारी शेजारी. वर खोल, खाली येता येता फिकट, हात दमल्यासारखे. महिनाभर खोडकर पटाशी घेऊन फळकुटांवर त्यांची नक्कल करत बसला होता. एकदाही जमली नाही. ज्याने कोणी ते केले त्याचा त्याला मनापासून हेवा वाटे. तरी, का कोण जाणे, या खोलीत तो दाराकडे पाठ करून कधी उभा राहिला नव्हता.

बाई गुडघ्यांवर बसल्या. एकेका ओरखड्यावरून वरून खाली बोट फिरवत गेल्या.

“घरातलं सगळ्यात अस्सल काम हे,” त्या हळूच म्हणाल्या. “हेही तुमचंच?”

खोडकराने मालकांकडे पाहिलं. मालकांनी नुसती मान डोलावली, घ्या की, कोण विचारतंय, अशी.

साठ खोल्या.

“माझंच,” तो म्हणाला. “तीन दिवस लागले. घाई केली की त्यात जीव उतरत नाही.”

“तीन दिवस,” बाई म्हणाल्या.

“मी म्हटलं नव्हतं?” मालक म्हणाले. “सगळं यांच्याच हातचं आहे.”

बाईंनी पर्समधून चिमटा काढला. सगळ्यात खालच्या ओरखड्यात रुतलेली एक लाल कपची अलगद ओढून तळहातावर घेतली आणि पहिल्यांदाच खोडकराच्या डोळ्यांत पाहिलं.

“हे माझ्या बहिणीचं नख आहे.”