एक्केचाळीस नंबरचं बाळ

“एक्केचाळीस नंबर आजही नाही?” डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर इतक्या जोरात मिटलं की टेबलावरचा पेनांचा डबा आडवा झाला.

“नाही, मॅडम,” ताई म्हणाली.

ताई केंद्रातली जुनी कार्यकर्ती. एचआयव्ही असलेल्या आयांची बाळं दीड वर्षाची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. नोंदी तिच्या, घरोघरची पायपीट तिची, आणि बाळंतपणाची रजा संपल्यापासून कडेवरचं पोरही तिचंच, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. त्याला सगळे साहेब म्हणत. डॉक्टरीणबाई जरा उठल्या की त्यांच्या खुर्चीवर त्याची झडप ठरलेली. आत्ता साहेब टेबलाखाली बसून रिकाम्या खोक्यांची चळत रचत होते. ताईने त्यांना ओढून घेतलं आणि चमचाभर औषध पाजलं.

“अजून खोकला आहे का याला?”

“जातच नाही मेला.” ताईने बाटली पिशवीत टाकली.

डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर पुन्हा उघडलं. एक्केचाळीस नंबरच्या तीन तपासण्या झाल्या होत्या. दीड महिन्याचं असताना, सहाव्या महिन्यात आणि वर्षाचं झाल्यावर. तिन्ही वेळा लागण नव्हती. तेव्हा कागदावर सुकवलेले रक्ताचे थेंब आणि नंबर, एवढंच पुढे पाठवायचं असे. ते ताईच करी. शेवटच्या तपासणीला मात्र बाळ डॉक्टरांसमोर हजर लागे आणि सही डॉक्टरांचीच. ती झाली की बाळ कायमचं सुटलं. लागण दुधातूनही होते; ही तपासणी नाही झाली, तर आईचं दूध वर्षभर प्यायलेल्या पोराबद्दल छातीठोकपणे कोण काय सांगणार? आणि हे बाळ दोन महिने गायब होतं. वरच्या ऑफिसातून रोज फोन येत होते. आज शेवटचा दिवस. आज नाही आलं तर ‘बेपत्ता’ लिहायचं आणि फाइल बंद करायची.

“बाळाचं औषध तर दर महिन्याला नेते ना ती तुमच्याकडून? तेव्हाच धरून का बसवत नाही?”

“सांगते हो मी. येते म्हणते. दारापर्यंत येतेही. मग पायच उचलत नाही तिचा.”

“पाय उचलत नाही म्हणे! चला, मीच जाऊन आणते.”

पत्ता लॉन्ड्रीच्या मागच्या इमारतीतला, चौथ्या मजल्यावरचा. लिफ्ट बंद. दुसऱ्याच मजल्यावर डॉक्टरीणबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. त्यात साहेबांना कडेवरून उतरून स्वतः एकेक पायरी चढायची होती.

दार एका निवृत्त मास्तरांनी उघडलं. “बाळ? इथे? अहो, मी एकटा आणि माझी दोन घड्याळं. या घरात तीस वर्षांत कुणी रडलं असेल तर ते मीच.” त्यांनी साहेबांच्या हातात एक बिस्किट ठेवलं आणि दार लावून घेतलं.

जिना उतरताना डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. “नुसत्या थापा! पत्ता खोटा, फोन बंद, आणि आपण मूर्खासारखे हेलपाटे घालतोय. असल्या बाईला आई म्हणायचं? पोराच्या जिवापेक्षा हिला स्वतःची अब्रू मोठी!”

ताई दोन पायऱ्या मागे होती. “भीत असेल, मॅडम.”

“कुणाला? मी काय खाते तिला?”

“त्या शिवणकामवालीचा रिपोर्ट आला, तर संध्याकाळपर्यंत शिपायालाही ठाऊक होतं.”

डॉक्टरीणबाई थबकल्या. ते त्यांच्याच तोंडून गेलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. “हो, गेलं एकदा तोंडातून. म्हणून काय जन्मभर ऐकून घ्यायचं? होती तर सगळी आपलीच माणसं.”

“तिने आठवड्यात खोली बदलली,” ताई म्हणाली.

चार वाजता डॉक्टरीणबाईंनी लाल पेन काढलं. राग होताच, पण आता त्याहून जास्त हतबल वाटत होतं. इतक्या जवळ आलेलं बाळ. एक तपासणी, फार तर अर्धा तास, आणि त्यासाठी सगळ्यांनी हात टेकायचे!

“लिहिलं की औषध बंद?” ताईने विचारलं.

“बंद. माझ्या हातात काय आहे?”

“आणि आज आलंच, तर कुणाकुणाला कळेल?”

“मला. आणि तुम्हाला.”

“जेवणाच्या सुट्टीत?”

डॉक्टरीणबाईंना हे झोंबलं. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. “नाही कळणार कुणाला,” त्या हळूच म्हणाल्या. “चुकलंच माझं तेव्हा. पुन्हा नाही होणार. पण आता सांगून काय उपयोग? ती येणार आहे थोडीच!”

ताई उठली. बाहेर डोकावून तिने कुणी नाही याची खात्री केली, दार लावलं आणि कडी घातली. साहेबांना टेबलाखालून बाहेर काढून कडेवर घेतलं. मग स्वतःच्या खुर्चीकडे न जाता ती डॉक्टरांसमोरच्या, पेशंटच्या स्टुलावर बसली आणि साहेबांची बाही कोपराच्या वर सरकवली.

“घ्या, मॅडम,” ती म्हणाली. “एक्केचाळीस नंबर.”