चिमी

त्या घरात कुठलीही वस्तू बंद पडली की ती ‘चिमी झाली’ म्हणत. मिक्सर चिमी झाला, टॉर्च चिमी झाली. नव्या सुनेला भारी गंमत वाटली. महिन्याभरात तीही तसंच बोलायला लागली.

एकदा तिनं विचारलं, “आई, ही चिमी कोण हो?”

“तुझी थोरली जाऊ. मूल होईना, मग दिली माहेरी पाठवून,” सासूबाई सहज म्हणाल्या. “तू नको मनाला लावून घेऊस, मनू.”

लाडानं सगळे तिला मनूच म्हणत.

पुढे तपासण्या झाल्या, औषधं झाली. आज दवाखान्यातून परतल्यावर ती दारात चपला काढत होती. स्वयंपाकघरातून लायटरची नुसतीच टकटक ऐकू आली, आणि पाठोपाठ नणंदेचा आवाज.

“आई, हा लायटरपण मनू झाला गं!”