फोनची चुगली

दामिनीच्या हातून सासऱ्यांचा महागडा फोन पडला आणि काचेचं पार जाळं झालं. सासरे सूर्यभानजी रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. विनातिकीट माणूस ते नुसत्या आवंढ्यावरून ओळखायचे, असं आजही लोक सांगतात. त्यात फोन घेऊन देतानाच तिच्या नवऱ्यानं, किशोरनं, घरभर ताकीद दिलेली, की दुरुस्तीला कंपनीशिवाय कोणाकडे जायचं नाही. सासऱ्यांच्या दुपारच्या झोपेत तिनं अमरावतीच्या गल्लीतलं दुकान गाठलं.

“ताई, काच ओरिजिनलच हाय, अशाच दुसऱ्या फोनची काढली. पन कंपनी फक्त सोता बसवलेली काच मानते,” दुकानदार म्हणाला. चालू केल्याबरोबर फोनवर ओळ उमटली : ‘हा डिस्प्ले कंपनीचा असल्याची खात्री होत नाही.’

“हे पुसून द्या ना भाऊ!”

“नाही पुसता येत. फोन चुगली करतेच.”

घरी सूर्यभानजींनी चष्मा चढवला, ती ओळ दोनदा वाचली, काचेवरून अंगठा फिरवला. दामिनीच्या तोंडाला कोरड पडली, पण त्यांच्यापुढे आवंढा गिळायचीही सोय नव्हती.

“पोरी, दार लोटून घे,” ते म्हणाले. तिनं दार लोटलं.

&nbsp;

“किशोरले सांगू नको माय! मागच्या महिन्यात माह्याच्यानं चार्जिंगची पिन मोडली, मी अकोल्यात गुपचूप बदलून आणली. तं त्या अकोल्याच्या दुकानदार लेकाच्यानं माही असली काचच काढून घेतली!”