डिकोडर यायच्या आधी

रेल्वेतून रिटायर झालेल्या ड्रायव्हरकाकांनी आपल्या खेळण्यातल्या इंजिनासाठी साउंड डिकोडर मागवला, त्याला अकरा महिने झाले. ती नखाएवढी चिप बसली की इंजिन खऱ्यासारखं धडधडणार होतं. दुकानदाराचं पालुपद एकच, "काका, पुढच्या आठवड्यात नक्की."

आजही काका हात हलवत परत आले.

"आला ना एकदाचा तुमचा आवाज?" काकू दारातच कडाडल्या. "दुपारभर डोकं उठवलंय त्या धडधडीने. बंद करा आधी!"

बंद काय करणार? काकांनी इंजिनाचं झाकण उघडलं, तर चिपची जागा रिकामीच होती. धडधड मात्र चालू होती.

आवाज लोखंडी पुलावरून गेला, मग वळणावर घासला. काकांनी रस्ता ओळखला. वळणापुढे फाटक होतं. तिथे शिट्टी द्यायची तीस वर्षांत एकदाच राहून गेली होती.

शिट्टी आताही झाली नाही. त्या दिवशी केबिनमध्ये जे ऐकू आलं नव्हतं, ते मात्र आलं. रुळांमधल्या खडीवरची पावलं आणि दोन बायकांच्या गप्पा.

काका इंजिनाला तोंड लावून ओरडले, "पळा!"

पावलं थांबली.

"थांब गं," आतून एकीचा आवाज आला, "कुणीतरी हाक मारतंय."